तुंगेचा लगाम

शके १८३६, आनंद नाम संवत्सर. श्रावण वद्य दशमी.

रोजनाम्यात खाडा पडला याबद्दल माफी असावी. आषाढ संपल्यापासून एक ओळ लिहिलेली नाही. रिसाल्यात होतो तेव्हा जमादार फत्तेसिंगराव दर शनिवारी प्रत्येक स्वाराच्या घोड्याचा रोजनामा तपासत, आणि खाडा दिसला तर वर माफी लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू देत नसत. जमादार वारले. मी पेन्शनीत निघालो. घोडी आता मुलगा अंबाजी चालवतो. तरी हाताची खोड जात नाही. शाळेत मी दोनच पावसाळे गेलो. लिहिणे शिकलो ते या घोड्यांच्या पायी. म्हणून मनातले काही लिहायचे झाले तरी आधी घोडीचे लिहावे लागते.

तुंगा घोडी. चारा हेब्बाळचा, ओलसर, उन्हात पसरला. कुळीथ भिजवून दिले. लीद चांगली. डाव्या मागच्या पायाचा नाल ढिला वाटतो. अंबाजी म्हणतो ढिला नाही. ढिला आहे.

खाड्याचे कारण लढाई. विलायतेच्या पलीकडे बेलजम म्हणून एक लहान राज्य आहे, त्यात जर्मन शिरला. इंग्रजांनी बेलजमाला राखण्याचे वचन दिले होते म्हणून इंग्रज उठले, आणि इंग्रज उठले म्हणून म्हैसूरही उठणार. बंगळूरचा रिसाला बोटीने जायचा आहे. इथल्या, म्हैसूरच्या आमच्या रिसाल्यातून ज्याला जायचे त्याने नाव द्यावे असा हुकूम आला, आणि अंबाजीने नाव दिले. मला विचारले नाही.

पण आमच्यात घोडा ज्याचा, असामी, म्हणजे रिसाल्यातली जागा, त्याची. तुंगा माझ्या नावावर आहे. अंबाजी तिच्यावर माझा बारगीर म्हणून बसतो. मोहिमेला निघताना घोड्याच्या मालकाने लगाम स्वाराच्या हातात द्यायचा आणि चारचौघांत म्हणायचे, "जनावर माझे, स्वार माझा, इमान सरकारचे." तेवढे म्हटल्याशिवाय स्वार रांगेत उभा राहत नाही. तेव्हा नाव त्याने दिले असेल, लगाम माझ्याकडे आहे.

श्रावण वद्य द्वादशी.

घोडी बरी.

देवराज मोहल्ल्यात सुब्बरावाकडे गेलो. त्याचे घराणे रंगाऱ्यांचे, माझे स्वारांचे, पण लहानपणी एकाच गल्लीत विटीदांडू खेळलो. त्याचा तांबडा रंग डब्यांतून जर्मनीहून येतो. आता येणार नाही. हातातला शेवटचा डबा तो पाळण्यातल्या पोरासारखा जपतो आहे. म्हणाला, "शंभूराव, जर्मनाने मला कधी फसवले नाही. तांबडा म्हणून दिला तो तांबडाच निघाला. तुझ्या बेलजमाने मला काय दिले?"

मी म्हणालो, दिलेल्या वचनाला काही किंमत आहे की नाही. लहान राज्यात मोठा घुसला आणि ज्याने राखायचे तो घरात बसला, तर लहानांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचे?

तो म्हणाला, "अय्यो, मग तू जा की. तुझ्या पोराला कशाला?"

मला राग आला. छत्री तिथेच विसरलो. वाटेत लक्षात आले की आपण अंबाजीच्या बाजूने बोललो. सुब्बराव नको म्हणाला म्हणून मी हो म्हणालो. घरी पोचेपर्यंत माझे मत पुन्हा नको असे झाले होते.

श्रावण वद्य त्रयोदशी.

दुपारी ओट्यावर डोळा लागला. हौदाजवळ एक माणूस बसला होता. जोडे हातात, पाय पांढरेफटक, सोललेल्या मुळ्यासारखे. कोण म्हणून विचारले तर म्हणाला बेलजमचा. कन्नडात बोलत होता आणि चांगले बोलत होता, मंड्याकडचे लोक बोलतात तसे. स्वतःसाठी काही मागितले नाही. घोड्याला पाणी आहे का म्हणून विचारले. घोडा कुठे आहे म्हणालो, तर त्याने मागे वळून पाहिले. मागे चामुंडीचा डोंगर नव्हता. नुसते धुके, आणि त्या धुक्यात कोणा जनावराचा संथ श्वास. त्याचे तळवे सुब्बरावासारखे तांबडे होते.

जागा झालो तेव्हा तुंगा हौदावर पाणी पीत होती. कोणी सोडली विचारले. कोणी सोडली नव्हती, दावे सैल होते.

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा.

अंबाजीशी बोललो. तो घोडीचा खरारा करत होता आणि मी हौदाच्या कडेवर बसलो होतो. असे बसले की तो माझ्याकडे बघत नाही, म्हणून बोलणे सोपे जाते.

मी म्हणालो, वचनाचे काय सांगतोस? आपल्या राज्यालाही इंग्रजांनी लेखी वचन दिले होते. तरी राज्य काढून घेतले आणि माझे अर्धे आयुष्य सरले तेव्हा कुठे परत दिले. ज्याने आपले वचन पाळले नाही, त्याने दुसऱ्याला दिलेल्या वचनासाठी आपण समुद्र ओलांडायचा?

त्याने खरारा थांबवला नाही. "म्हणूनच, आबा. वचन मोडले की काय होते ते त्या बेलजमवाल्यांना आत्ता कळते आहे. आपल्याला आधीपासून माहीत आहे."

"माहीत आहे म्हणून मरायला जायचे?"

"मरायला कोण जातो आहे? घोडीला विचारा. ती तरी म्हणते का?"

घोडीने कान हलवले. तो हसला. उत्तर मला जेवताना सुचले, पण तेव्हा तो उठून गेला होता. आता तेही आठवत नाही.

रात्री नाचणीची आंबील वाढताना सूनबाई वरलक्ष्मी मध्येच म्हणाली, येलवालच्या गौडांकडे काठेवाडचा घोडा आला आहे म्हणे, फार देखणा. आमची भाकरी-आंबिलीची गोष्ट चालली होती, त्यात घोडा कुठून आला कोण जाणे. बायकांना काय कधी आठवेल सांगता येत नाही.

भाद्रपद शुद्ध षष्ठी.

तुंगेला येलवालला नेले. अंबाजी कवायतीला गेला होता. वरलक्ष्मीने न सांगता दशम्या बांधून दिल्या.

घोडी भर वयात आहे, अजून एकदाही व्याली नाही. घरात एक शिंगरू हवे, हे माझ्या मनात फार दिवसांपासून आहे. लढाईशी याचा संबंध नाही. ती दोन दिवस माजावर होती आणि गौडांचा घोडा मोकळा होता, म्हणून नेले. घोडा लागलेली घोडी मोहिमेवर नेत नाहीत हे खरे. पण तो रिसाल्याचा जुना नियम आहे, मी केलेला नाही.

घोडा खरेच देखणा. फार तापट. तिच्या मानेला चावला.

येताना हुणसूर रस्त्यावर हलका पाऊस होता. मी तिच्यावर बसलो नाही, बरोबर चालत आलो. दोघेही भिजलो. तिच्या अंगातून वाफ निघत होती आणि मला उगीच वाटले की आम्ही दोघे रस्त्यावर नसून कुठल्या तरी तळ्याच्या बुडाशी चालत आहोत आणि वरून बैलगाड्या तरंगत चालल्या आहेत.

भाद्रपद शुद्ध सप्तमी.

चारा कमी खाल्ला. मानेवरच्या चाव्याला हळद लावलेली दिसली. मी लावली नव्हती. वरलक्ष्मी घोडीच्या जवळ जात नाही. कोणी लावली ते विचारले नाही. अंबाजी आज संध्याकाळी जेवायला उशिरा आला, तबेल्यातच बसून होता.

भाद्रपद वद्य षष्ठी.

पितृपक्ष. आज घोड्यांची पाहणी झाली. सलोत्री, म्हणजे सरकारी घोड्यांचा वैद्य, चष्मेवाला आहे, पण हात चांगला. तुंगेचे दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवर थाप मारली, म्हणाला पहिल्या प्रतीचे जनावर. मग मी पुढे होऊन सांगितले की हिला घोडा लावला आहे. त्याने विचारले कधी. मी सांगितले. त्याने अंबाजीकडे पाहिले. अंबाजी सरळ उभा होता, समोर बघत. सलोत्रीने तुंगेच्या नावापुढे काट मारली.

परत येताना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखे वाटले. देवळात नारळ वाढवला. आता अंबाजी राहील. थोडे दिवस रागावेल, मग शिंगरू झाले की विसरेल.

भाद्रपद वद्य दशमी.

असे काही असेल हे मला माहीत नव्हते. कोणी सांगितले नाही.

आमच्या वेळी घोडा नसला की माणूस घरी. घोडा मेला तर दुसरा घेईपर्यंत स्वाराला कोणी विचारत नसे. आता म्हणे ज्याचा घोडा नापास त्याला सरकार घोडा देणार. ऑस्ट्रेलियाहून बोटीने आलेले ते वेलर घोडे बंगळूरला बांधलेले आहेत, उंच, जाड हाडाचे, तोंडाला कठीण. अंबाजीला त्यांतला एक मिळणार. माझी संमती लागत नाही, कारण घोडा माझा नाही. मालक सरकार, लगाम सरकार देणार.

सिलेदाराचा मुलगा परक्या घोड्यावर. ते एक असो. पण तो घोडा याला ओळखत नाही. हा पडला तर तो घोडा कशाला थांबेल?

अंबाजीने हे शांतपणे सांगितले. मी त्याला बराच वेळ काही बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तो म्हणाला, "होऊ दे, आबा. तुंगा तुमच्याजवळ राहील."

आश्विन शुद्ध प्रतिपदा.

घट बसले. अंबाजी सकाळच्या गाडीने बंगळूरला गेला. पितृपक्षात निघू नको एवढे माझे ऐकले. वरलक्ष्मीने दही दिले हातावर. तुंगेपाशी तो बराच वेळ होता. मी मुद्दाम मागे थांबलो.

आश्विन शुद्ध तृतीया.

तुंगा आज सकाळपासून अस्वस्थ. शेपूट वर करते, टाप मारते, मोहल्ल्यातून कोणाचा घोडा गेला की खिंकाळते. मी एवढी वर्षे घोड्यांत काढली. मला कळायला वेळ लागायला नको होता, पण संध्याकाळपर्यंत मी वाऱ्याला, गवताला, माशांना दोष देत होतो.

ती पुन्हा माजावर आली आहे. म्हणजे फळली नाही. गाभण नाही.

आश्विन शुद्ध षष्ठी.

काही लिहायचे नाही. घोडी बरी. मी बरा नाही.

सांगितले तर तिला नेतील. मग दोघेही गेले. न सांगितले तर एकटा तो. तो तर जाणारच. आणि मी स्वतः तिला घेऊन गेलो तर लगाम द्यावा लागेल, ते शब्द म्हणावे लागतील. म्हणजे बेलजमासाठी माणसे पाठवणे बरोबर आहे असे मी चारचौघांत म्हटल्यासारखे होईल. मला ते बरोबर वाटते का? सकाळी वाटते. दुपारी वाटत नाही.

सुब्बराव छत्री द्यायला आला होता. मी झोपल्याचे सोंग केले, आणि सोंग करता करता झोपलो. हौदाजवळचा माणूस आला होता. रिकामी बादली उपडी करून तिच्यावर बसला होता, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

आश्विन शुद्ध नवमी. खंडेनवमी.

हत्यारांची पूजा केली. वडिलांची तलवार, माझी बंदूक, अंबाजीचा जुना भाला. तुंगेला न्हाऊ घालून झेंडूची माळ घातली. वरलक्ष्मी कुंकू लावायला आली तेव्हा मी तिला सांगितले की घोडी गाभण नाही.

तिचे बोट तुंगेच्या कपाळावर तसेच राहिले. म्हणाली, "मग कुणाला सांगू नका, मामंजी."

मी म्हणालो, आता लपवून काय उपयोग, तो तर गेला.

"घोडी तरी राहील. दोघांतले एक तरी घरात राहील."

तिला कधी सांगितले नव्हते ते मग सांगितले. लग्नाच्या पहिल्या वर्षी अंबाजीचा खांदा निखळला होता, न्हाणीत घसरला म्हणून आम्ही तिला सांगितले होते. तो न्हाणीत घसरला नव्हता. भरधाव कवायतीत पडला होता, मागून सगळी रांग येत होती. तुंगा पुढे पळाली नाही. वळली आणि चारही पाय रोवून त्याच्यावर उभी राहिली. रांग तिच्या दोन्ही बाजूंनी फुटून गेली. मी मैदानाच्या कडेला होतो. धूळ बसली तेव्हा ती तशीच उभी होती, आणि तिच्या पोटाखालून हा रांगत बाहेर आला.

वरलक्ष्मी बराच वेळ माळेतली फुले सारखी करत होती. मग आत गेली आणि खोगीर घेऊन आली. तिने ते आजवर कधी उचललेले नाही, जड आहे. ओट्यावर टाकले आणि म्हणाली, "उद्या दसरा. उद्याच निघा."

आश्विन शुद्ध दशमी. श्रीरंगपट्टण.

आख्खा मुलूख म्हैसुरात शिरत होता आणि मी एकटा बाहेर निघालो होतो. गाड्याच गाड्या, त्यांत नव्या लुगड्यांतल्या बायका, फेटे बांधलेले म्हातारे, सगळ्यांची तोंडे माझ्याकडे. एकजण गाडीतून ओरडला, "ताता, महाराजांची अंबारी तिकडे, तुम्ही कुठे चाललात?" मी म्हणालो, सीमोल्लंघनाला. गाडीतले सगळे हसले.

मागे तोफा सुरू झाल्या. तुंगेने एकही कान वळवला नाही.

कावेरीच्या पुलावर आलो तेव्हा पाण्यावरून धुके वर येत होते. पूल मध्येच संपल्यासारखा दिसत होता. ती थांबली नाही, म्हणून मीही थांबवले नाही.

आश्विन शुद्ध द्वादशी. मद्दूर.

पाठ धरली आहे. मी फार वर्षांनी एवढा बसलो. घोडीचे बरे. गवत विकत, चांगले नाही.

बसल्या बसल्या डोळा लागतो. आज नारळाच्या बागांमधून जाताना कोणीतरी माझी रिकीब धरून शेजारून चालत होते. खाली बघितले नाही. मला माहीत होते कोण ते. मी त्याला विचारले, तुमच्याकडे घोड्यांना कुळीथ देतात का. म्हणाला, आता देत नाहीत. मग बराच वेळ नुसता टापांचा आवाज. डोळे उघडले तेव्हा तळ्याच्या काठी होतो, आणि घोडी स्वतःच पाणी प्यायला वाकली होती.

आश्विन वद्य द्वितीया. बंगळूर.

छावणीत पोचलो. पहारेवाला आत सोडेना, मग माझा जुना पट्टा बघून सोडले. योगायोगाने तोच चष्मेवाला सलोत्री तिथे होता. म्हणाला, ही तर गाभण. मी म्हणालो, नाही, माझी चूक झाली. त्याने पुन्हा सगळे पाहिले, मग मला पाहिले. "आजोबा, म्हैसुराहून हिच्यावर बसून आलात?" मी हो म्हणालो. "मग घोडी पास आहे," तो म्हणाला. "तुमचे सांगता येत नाही."

अंबाजीला बोलावून आणले. वेलराने त्याच्या पायावर पाय दिला होता, लंगडत होता. तुंगेने त्याला लांबूनच ओळखले. तो आला आणि आधी तिच्या मानेवरून हात फिरवला, आयाळ बाजूला करून. "चावा भरून आला," म्हणाला. त्यावर एवढे केस आले होते, तरी त्याला तिथे काही होते हे कसे कळले कोण जाणे.

मग मला म्हणाला, "आबा, बेलजम कुठे आहे ते शेवटी कळले का तुम्हाला?"

मी म्हणालो, "श्रीरंगपट्टणाच्या पलीकडे आहे. बरेच पलीकडे."

तो हसला. मी काही हसण्यासारखे बोललो नव्हतो.

रिसालदार आणि आठ-दहा स्वार उभे होते. मी लगाम घेतला. म्हणालो, "जनावर माझे." ते नीट निघाले. "स्वार माझा." तेही निघाले. आणि पुढचे निघेना. शब्द विसरलो नव्हतो, जिभेवर होते. माझ्या वडिलांच्या तोंडून ते मी ऐकलेले आहेत, पण तोंड उघडेना. स्वार माझा, एवढ्यावर मी उभा राहिलो. तुंगेने मान झटकली तेव्हा लगाम माझ्या हातात ताणला, आणि मला दिसले की अंबाजीचा हात केव्हापासून पुढे आलेला आहे.

तोच हळूच म्हणाला, "इमान सरकारचे."

मी लगाम सोडला. रिसालदार म्हणाले, चालेल.

आश्विन वद्य नवमी.

म्हैसूर. गाडीने परत आलो. रिसाला मुंबईच्या गाडीत चढला तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर होतो. घोड्यांचे डबे वेगळे असतात. तुंगा कोणत्या डब्यात होती ते कळले नाही. अंबाजीला पाहिले, पण तो खिडकीत नव्हता, आतल्या बाजूला कोणाचा तरी पट्टा बांधून देत होता.

वरलक्ष्मीला सगळे सांगितले. तिने एकच विचारले, लगाम दिलात का. दिला म्हणालो. तिने मान हलवली.

सुब्बरावाला भेटलो. त्याने त्या शेवटच्या डब्यातला तांबडा काढून एक पागोटे रंगवले आहे, अंबाजी परत आला की बांधायला. जर्मनाचा रंग आहे, टिकेल, असे म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला नाही. बेलजमाला माणसे पाठवावीत की नाही, हे मला अजून कळलेले नाही. एवढे कळते की पाठवायचे ते देऊन झाले.

आश्विन वद्य अमावास्या.

दिवाळी. पणत्या लावल्या. तबेल्यातही एक लावली, तिथे कोणी नाही तरी.

कार्तिक शुद्ध एकादशी.

बोट गेली असे बाजारात म्हणतात. कुठे गेली ते कोणी सांगत नाही. कोणी एडन म्हणतो, कोणी मिसर. दुपारी स्वप्न पडले नाही. आजकाल पडत नाही. तो हौदाजवळचा माणूस गेला, पाणी मिळाले असावे.

रोजनामा उघडून बसलो आहे. तुंगा घोडी, एवढे लिहिले. पुढे चारा काय, पाणी किती, लीद कशी, हे इथे बसून कसे लिहू? म्हणून अंबाजी, हे तुला लिहितो. पोस्टात कुठल्या पत्त्यावर टाकायचे ते माहीत नाही, तो पत्ताही तूच कळव. बोटीवर ती आडवी होते का, की उभ्यानेच झोपते? समुद्राच्या पाण्याने भिजलेले गवत देऊ नकोस, पोट फुगेल. डावा मागचा नाल बघ, मी तेव्हाही सांगत होतो. तिच्या पाठीवर रात्री काही घालतोस का? आणि तू जेवतोस की नाही, तुझा खांदा दुखतो का, हे वरलक्ष्मी विचारते आहे. ती रोज विचारते. मी तिला किती दिवस काहीतरी सांगत राहू? चार ओळी लिही, दोन लिही, दुसऱ्या कोणाकडून लिहवून घे, पण लवकर कळव.